कंबर दुखते म्हणजे नेमकं कुठं?

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका जिन्याचा कठडा धरून उभी होती. तिला सातवा महिना आहे. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, आणि मध्येच अडकल्यासारखी. मी विचारलं, "काय गं, काय होतंय?"

"काही नाही आपा, कंबर दुखतेय थोडी."

मागून येणारी एक जण म्हणाली, "इन दिनों में होताच है." दुसरीनं एरंडेलाचं तेल कोमट करून चोळायला सांगितलं. तिसरी म्हणाली, "सब्र कर, अब कित्ते दिन रहे!" तिघींचाही हेतू चांगला होता. तिघीही आपापली बाळंतपणं उरकून आलेल्या. तिघी वर निघून गेल्या आणि ही तिथंच उभी राहिली. "थोडी" म्हणणाऱ्या त्या पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

मला माझं २०१३ साल आठवलं.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. पहिला मुलगा पाच वर्षांचा, दुसऱ्या वेळचे दिवस. पहिल्या खेपेला फारसं काही जाणवलं नव्हतं, त्यामुळे या वेळी मी निर्धास्त होते. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. शाळा तिथून बावीस किलोमीटरवर. सकाळची एसटी, परतताना एसटी, नाही मिळाली तर वडाप. शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथं मराठी शिकवते. माझा पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता.

सहाव्या महिन्यात दुखणं सुरू झालं. आधी बसून उठताना कळ यायची. मग एसटीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकताना. मग एका पायावर उभं राहून सलवार घालताना. शेवटी रात्री कूस बदलणं म्हणजे एक मोहीम झाली. आधी मनाची तयारी करायची, दात दाबायचे, पलंगाची कड धरायची आणि वळायचं. वळताना आतून काहीतरी सांध्यातून निसटल्यासारखं व्हायचं. लघवीला उठायचं म्हणजे भिंत धरत जायचं, म्हणून रात्री पाणी पिणं बंद केलं.

शाळेत तर पाणी पिणं आधीपासूनच बंद होतं. शाळेत शिकवणाऱ्या बायकांना याचं कारण सांगायला नको. आमच्याकडे बायकांसाठी एकच स्वच्छतागृह, तेही मैदानाच्या टोकाला, कडी मोडलेलं. सकाळी घरून जाऊन यायचं ते थेट दुपारी घरी परतल्यावर. डब्याबरोबर बाटली न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षिका वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हम तो नववे महिने तक खुरपने कू जाते थे." त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांच्यासाठी ते खरंच होतं. त्यांनी वीट गरम करून, फडक्यात गुंडाळून दिली. मिस्टरांनी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. बायकोची कंबर दुखते एवढंच तिथं सांगितलं, दिवस गेलेत हे सांगायचं राहिलं. मी त्यातल्या तीन गोळ्या घेतल्या. बरंही वाटलं.

रजा घ्यायचा विचार मनात यायचा आणि मी तो झटकायची. बाळंतपणाची रजा जितकी आधी घ्यावी तितकी नंतर कमी उरते. बाळाबरोबरचे दिवस वाचवायचे म्हणून आताचे ढकलायचे, असा हिशेब होता.

गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे माझं नाव घातलं होतं. बाहेर बाकावर तीस-चाळीस बायका. माझा नंबर आल्यावर मी म्हणाले, "कंबर दुखते." त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "वजन वाढतंय ना, दुखणारच." कॅल्शियमची गोळी लिहून दिली, बीपी पाहिलं, बाळाचे ठोके पाहिले. सगळं ठीक होतं. मी बाहेर आले. पुष्कळ दिवस मी त्यांच्यावर मनातून राग धरला होता. आज वाटतं, मी तरी त्यांना काय सांगितलं होतं? दोन शब्द. तेही चुकीचे.

कारण माझी कंबर दुखत नव्हतीच. दुखत होतं ते कमरेच्या खाली, माकडहाडाच्या उजव्या बाजूला, कुल्ल्याच्या वरच्या खळीत. आणि पुढच्या बाजूला, ओटीपोटाच्याही खाली, जिथं दोन हाडं जुळतात तिथं. हे शब्द मी आज लिहितेय. तेव्हा ते माझ्या तोंडातून निघत नव्हते. मी बीएड झालेली बाई, दोन भाषा शिकवणारी. पाचवीच्या वर्गात भिंतीवर शरीराच्या अवयवांचा तक्ता होता. डोकं, मान, खांदा, छाती, पाठ, कंबर, आणि त्यानंतर थेट गुडघा. शेजारी उर्दूचा तक्ता होता. सर, गर्दन, कंधा, सीना, पीठ, कमर, आणि मग घुटना. कंबर आणि गुडघा यांच्यामध्ये दोन्ही भाषांत काहीच नव्हतं. माझं दुखणं नेमकं तिथंच होतं. म्हणून मी ते उचलून कमरेवर ठेवलं आणि सगळ्यांना तेच सांगत राहिले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रमजान सुरू झाला. रोजे धरायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. उलट अम्मीनं फोनवर बजावलं होतं की पोटुशी बाईला सवलत आहे, नंतर कजा करता येतात. पण रोजा सोडला तर आपण दुखण्यापुढं हरलो असं मला वाटत होतं. पहिले नऊ रोजे मी धरले. नमाजला सजद्यातून उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. तरावीह बसून पढायची आणि बसून पढते म्हणून स्वतःलाच दोष द्यायची. मनात एकच शब्द घोळत असायचा, सब्र.

दहाव्या रोजाच्या दिवशी दुपारी शाळेतून येताना एसटीत मला हुडहुडी भरली. बाहेर पाऊस होता, वाटलं भिजल्यामुळे असेल. संध्याकाळपर्यंत अंग तापलं. दात वाजायला लागले. पाठ दुखत होती, पण ती तर रोजच दुखायची. घरात कुणालाच त्यात नवीन काही वाटलं नाही, मलासुद्धा. पावसाळी ताप आणि नेहमीची कंबर, अशी आम्ही दोन दुखण्यांची बेरीज केली. सासूबाईंनी गवती चहाचा काढा दिला. रात्री दोनदा उलटी झाली.

पहाटे सहरीसाठी घर उठलं तेव्हा मी पलंगावर थरथरत होते. एक गोष्ट त्या अर्धवट ग्लानीतही माझ्या लक्षात आली होती. रोजचं दुखणं मी हलले की यायचं आणि निपचित पडून राहिले की थांबायचं. हे थांबत नव्हतं. आणि हे खाली नव्हतं, वर होतं, बरगडीच्या खाली उजव्या कुशीत. मी मिस्टरांना म्हणाले, "हे ते नाही. हे दुसरं आहे." त्यांनी मित्राची गाडी मागवली आणि आम्ही मिरजेला निघालो. मिरज आमच्या भागातलं दवाखान्यांचं गाव. घरात कुणाचं जास्त झालं की आमच्या तोंडी "मिरजेला न्या" एवढंच असतं.

तिथं एका मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीची एक तरुण डॉक्टर होती. तिच्या डोळ्यांवर झोप होती. मी सवयीनं म्हणाले, "कंबर दुखतेय आणि ताप आहे." तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कंबर म्हणजे नेमकं कुठं? बोट ठेवून दाखवा."

मी उजव्या कुशीवर बोट ठेवलं. तिनं त्या जागी आपला तळहात ठेवून त्यावर दुसऱ्या हाताच्या मुठीनं हलकेच ठोकलं. मी ओरडले. मग तिनं एकामागून एक प्रश्न विचारले. लघवीला जळजळ होते का? वारंवार जावं लागतं का? पोट मध्येमध्ये दगडासारखं कडक होतं का? पाणी गेलंय का, रक्त गेलंय का? बाळ फिरतंय का? पायाला मुंग्या, बधिरपणा? कोणत्या गोळ्या घेतल्या? इतके प्रश्न माझ्या शरीराबद्दल मला तोपर्यंत कुणी विचारले नव्हते. जळजळ होत होती, आठवडाभर. मी ती कुणालाच सांगितली नव्हती.

लघवी तपासली, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. उजव्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरनं समजावून सांगितलं. दिवस गेल्यावर संप्रेरकांमुळे मूत्रनलिका सैल पडतात, वाढलेल्या गर्भाशयाचा दाब येतो आणि लघवी साचून राहते. गर्भाशय बहुधा उजवीकडे थोडं कललेलं असतं, म्हणून हा त्रास उजव्या बाजूला जास्त दिसतो. त्यात पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास रोखून धरली की जंतूंना आयतंच रान मोकळं मिळतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर संसर्ग रक्तात पसरू शकतो, आणि कळा लवकर सुरू होऊन बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मू शकतं. मला तेव्हा एकोणतीस आठवडे झाले होते.

मी त्या तीन गोळ्यांबद्दल सांगितलं. तिनं पाकीट पाहिलं आणि बाजूला ठेवलं. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी अर्धे दिवस उलटल्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. दुखण्यावर पॅरासिटामॉल देता येतं, पण तेही विचारून आणि ठरलेल्या मात्रेतच. सोनोग्राफीत पाणी पुरेसं होतं. अल्हम्दुलिल्लाह. मिस्टर खुर्चीत बसून होते, त्यांनी मान खाली घातली. चूक एकट्या त्यांची नव्हतीच. गोळी गिळणारी मी होते.

चार दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्यानंतर गोळ्या, आणि लघवीची तपासणी पुन्हा पुन्हा. त्या चार दिवसांत मी एकच विचार करत होते. रोजच्या दुखण्याला सगळ्यांनी, आणि सगळ्यांत आधी मी, "होतंच असं" म्हणून टाकलं होतं. म्हणून खरं धोक्याचं दुखणं आलं तेव्हा ते त्याच नावाखाली लपून बसलं.

तापाबरोबर कुशीतलं दुखणं गेलं. जुनं मात्र जागेवरच होतं. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं उठवून बसवलं तेव्हा मी कण्हले आणि त्या डॉक्टरनं पुन्हा तेच विचारलं, "कुठं? बोट ठेवा." या वेळी मी माकडहाडाच्या बाजूला बोट ठेवलं. मग, सासूबाई शेजारी असतानाही, पुढच्या हाडावर ठेवलं. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिनं फिजिओथेरपिस्टला बोलावलं. त्या बाईंनी सांगितलं की हे ओटीच्या हाडांच्या कड्याचं दुखणं आहे. बाळाला वाट मिळावी म्हणून या दिवसांत शरीर सांध्यांचे बंध सैल करतं. ते सैल झालेले सांधे चालताना, वळताना, एका पायावर भार देताना कमी-जास्त हलतात आणि दुखतात. हे पुष्कळ बायकांना होतं आणि बाळाला त्यानं धोका नसतो. पण पुष्कळांना होतं म्हणून त्यावर काही करायचंच नाही, असं नाही.

त्यांनी जे शिकवलं ते इतकं साधं होतं की मला रडू आलं. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवायचे, दुमडायचे आणि खांदा, कंबर, गुडघे एकदम वळवायचे, ओंडका लोटावा तसं. डाव्या कुशीवर झोपताना गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत पायांच्या मध्ये उशी. सलवार बसून घालायची. जिना एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणून चढायचा. गाडीत बसताना आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एका कडेवर मूल घ्यायचं नाही. फार वेळ सलग उभं राहायचं नाही. पोटाखालून बांधायचा एक पट्टा दिला. हातापायांवर ओणवं होऊन पाठ हळूच वर उचलायची आणि सरळ करायची, असा एक व्यायाम दिला. नमाज खुर्चीवर बसून पढा, असं त्या बाईंनीच, त्या मुस्लिम नसताना, सांगितलं. आमच्या दीनमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे. मीच ती स्वतःला नाकारत होते.

दवाखान्यात पडल्या पडल्या मी सूरह मरियम पढत होते. लहानपणापासून कितीदा पढली असेल. त्या दिवशी त्यातली एक गोष्ट नव्यानं दिसली. खजुराच्या बुंध्याशी टेकलेल्या बीबी मरियमना इतक्या वेदना होतात की याआधीच मरून गेले असते तर बरं, असं त्या म्हणतात. कुराणानं त्यांचे ते शब्द लपवले नाहीत. त्या शब्दांबद्दल त्यांना कुणी दोषही देत नाही. त्यांना धीर दिला जातो, पायाशी वाहणारं पाणी दाखवलं जातं, झाड हलवून ताजे खजूर खायला आणि पाणी प्यायला सांगितलं जातं. दुखतंय असं म्हणणं आणि सब्र करणं यांचं वैर आहे असं मला कुणी शिकवलं होतं? बहुतेक कुणीच नाही. ते मी आसपासच्या बायकांच्या गप्प राहण्यातून उचललं होतं.

घरी आले. उरलेले रोजे सोडले, पुढच्या वर्षभरात एकेक करून कजा केले. मुख्याध्यापकांना जाऊन भेटले आणि वर्ग तळमजल्यावर हवा म्हणाले. मनात वाद घालायची सगळी तयारी करून गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं ना." दुसऱ्या दिवशी वर्गाची अदलाबदल झाली. स्वच्छतागृहाची कडी बसायला मात्र आणखी महिना लागला. मी उंच स्टुलावर बसून शिकवायला लागले आणि बाटली रिकामी करून घरी न्यायला लागले.

दुखणं पूर्ण गेलं नाही. निम्म्यावर आलं म्हणा. पण निम्म्यावर आलेल्या दुखण्यात झोप लागते, आणि झोप लागली की माणूस माणसात येतं. सप्टेंबरच्या अखेरीस, पूर्ण दिवसांची मुलगी झाली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कळ हळूहळू विरली.

सासूबाईंची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. फिजिओथेरपिस्ट बाई मला कूस बदलायला शिकवत होत्या तेव्हा त्या शेजारच्या बाकावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. आम्ही घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी रात्री मी पाणी प्यायला उठले. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या पलंगावर गुडघे जुळवून, दुमडून, हळूच वळत होत्या. पायांच्या मध्ये त्यांनी घडी घातलेली गोधडी ठेवली होती. मला पाहून थोड्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "बडे के वक्त से दुखताय. पैंतीस साल हो गए." घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "अम्मा, कहाँ? उंगली रख के दिखाओ."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून मिरजेला गेलो.

हे सगळं मी त्या जिन्यावर उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं नाही. मधली सुट्टी संपत आली होती. तिला फक्त कठड्याला टेकवून उभं केलं आणि विचारलं, "कंबर म्हणजे कुठं? बोट ठेव." तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही असं बघितलं आणि बोट ठेवलं. कमरेवर नव्हतं.

संध्याकाळी तिच्या घरी फोन करून तिच्या सासूशी बोलले. काही गोष्टी तिला कागदावर लिहून दिल्या, त्या इथंही लिहिते. पाठीबरोबर थंडीताप किंवा लघवीला जळजळ असेल, दिवस भरायच्या आधीच ठराविक वेळानं कळ येऊन जात असेल, पोट कडक होत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. पाय लुळा वाटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तरीही तसंच, त्याच वेळी निघायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. आणि यातलं काहीच नसेल, नुसतंच दुखत असेल, तरी डॉक्टरला सांगायचं, जागा दाखवून सांगायचं, आणि पहिल्यांदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं. मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. येत्या ९ तारखेला मी तिच्याबरोबर जाणार आहे. अर्ज देऊन ठेवलाय.

आणि पाचवीच्या वर्गातला तो तक्ता अजून तसाच आहे. कमरेनंतर गुडघा. या वर्षी मुलींना तो शिकवताना मी मध्ये थांबले आणि म्हणाले, कंबर आणि गुडघ्याच्या मध्येही आपलं शरीर असतं, तिथं दुखलं तर अम्मीला सांगायचं, टीचरला सांगायचं, डॉक्टरला सांगायचं. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. हसू देत.